नोंदीचें कुलूप

वही एक आणि लिहिणारे अनेक, हा प्रसंग हिशेबाच्या इतिहासांत फार जुना आहे. सावकाराच्या पेढीवर रोजमेळ एकाच दिवाणजीच्या पुढ्यांत असे. गांवचें दप्तर तलाठ्याच्या हातीं असे. शाळेचें हजेरीपत्रक ज्या वर्गाचें त्या वर्गाच्या शिक्षकापाशीं असे. वही एकाच्या हातांत आहे तोंवर दुसऱ्यानें तीत कांहीं लिहूं नये, हा नियम कोणास वेगळा शिकवावा लागत नसे. कारण वही एकाच वेळीं दोन ठिकाणीं असूं शकत नसे. वस्तूचा जडपणा हाच तिचा पहारेकरी होता. संगणकानें हा जडपणा नाहींसा केला. आतां एकच वही एकाच क्षणीं हजारों खिडक्यांपुढें उघडी असते, आणि म्हणून जो पहारा पूर्वीं आपोआप बसे तो आतां बुद्धिपुरस्सर बसवावा लागतो. या पहाऱ्यास संगणकाच्या धंद्यांत 'लॉक' म्हणतात. मराठींत त्यास नोंदीचें कुलूप म्हणण्यास हरकत नाहीं. कुलूप केव्हां घालावें हें समजणें सोपें आहे. तें केव्हां काढावें हें समजणें मात्र कठीण आहे, आणि मोठमोठ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांची खरी कसोटी तेथेंच लागते.

विषय कांहींसा रुक्ष वाटेल; परंतु त्याचा संबंध सामान्य गृहस्थाच्या प्रवासाशीं, पैशाशीं व वेळेशीं आहे. घरांतलेंच उदाहरण घ्यावयाचें तर रेल्वेच्या तिकिटाचें घ्यावें. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, हें शहर दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागांत येतें. मुंबईहून निघून मनमाड, छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी व नांदेड असा मार्ग काढीत तेलंगणांत जाणारी देवगिरी एक्सप्रेस येथील लोकांच्या नित्य परिचयाची आहे. शहराजवळच्या देवगिरी किल्ल्याचेंच नांव तिला मिळालेलें आहे. या गाडीची निजण्याची जागा मुंबईच्या खिडकीवर, संभाजीनगरच्या स्थानकावर, नांदेडास, किंवा घरीं बसून हातांतल्या फोनवरूनही मागतां येते. संगणक येण्यापूर्वीं असें नव्हतें. तेव्हां प्रत्येक गाडीच्या प्रत्येक तारखेसाठीं कागदी नोंदवही असे आणि मधल्या स्थानकांना थोड्या जागांचा वांटा तोडून दिलेला असे. रांगा लांबच लांब लागत. पण एकच जागा दोघांना विकली जाण्याची भीति थोडी असे, कारण वही एका कारकुनापुढें असे व लेखणी एका हातांत असे.

भारतीय रेल्वेनें संगणकावरील आरक्षणाचा आरंभ १९८५-८६ च्या सुमारास नवी दिल्ली येथें केला. त्याची आज्ञावली सी. एम. सी. या त्या वेळच्या सरकारी कंपनीनें रचली होती व ती अमेरिकेंतील डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स यंत्रांवर चालत असे. पुढें मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद येथेंही केंद्रें उभीं राहिलीं. 'क्रिस' या रेल्वेच्याच संस्थेनें 'कॉन्सर्ट' नांवाची नवी आज्ञावली तयार करून १९९४ सालीं ती प्रथम सिकंदराबादेस चालू केली, आणि १९९९ सालीं पांचही केंद्रें एकमेकांस जोडलीं गेलीं. २००२ सालीं इंटरनेटवरून तिकिटें मिळूं लागलीं. अशा रीतीनें जी वही पूर्वीं एका मेजावर पडलेली असे, ती देशभर पसरली.

आतां श्रोत्यांनीं क्षणभर अशी कल्पना करावी कीं, कुलपाची कांहींच व्यवस्था नाहीं. एका विशिष्ट तारखेच्या गाडींत एकच जागा शिल्लक आहे. संभाजीनगरच्या कारकुनानें ती नोंद वाचली. यंत्रानें सांगितलें, 'शिल्लक एक.' त्याच क्षणीं मुंबईच्या कारकुनानेंही ती वाचली. त्यालाही उत्तर मिळालें, 'शिल्लक एक.' पहिल्यानें प्रवाशाचें नांव घातलें व 'शिल्लक शून्य' असें लिहिलें. दुसऱ्यानेंही नांव घातलें व 'शिल्लक शून्य' असेंच लिहिलें. दुसऱ्याचें लिहिणें पहिल्याच्या लिहिण्यावर बसलें आणि पहिल्या प्रवाशाचें नांव पुसलें गेलें. दोन्ही कारकून प्रामाणिक, दोन्ही तिकिटें छापील व शिक्क्याचीं, आणि वहींत पाहावें तर बेरीजही बरोबर. चूक उघडकीस येणार ती रात्रीं गाडीच्या डब्यांत, जेव्हां एका जागेसमोर दोन कुटुंबें बिछाने घेऊन उभीं राहतील. हिशेबाची जी चूक बेरजेंत सांपडत नाहीं ती सर्वांत वाईट. आणि ही चूक त्याच जातीची आहे.

यावर उपाय एकच. ज्याला नोंद बदलावयाची आहे त्यानें ती वाचतांनाच यंत्राला सांगावें कीं, 'ही मी बदलण्याच्या हेतूनें घेत आहें. माझें काम होईपर्यंत दुसऱ्यास देऊं नये.' यंत्र त्या नोंदीचा क्रमांक व घेणाऱ्याचें नांव एका तक्त्यांत टिपून ठेवतें. दुसरा कोणी बदलण्यासाठीं तीच नोंद मागूं लागला तर त्यास थांबवून ठेवतें, किंवा 'ती दुसऱ्याच्या हातांत आहे' असें उत्तर देतें. केवळ पाहण्यासाठीं आलेल्यांना मात्र इतकें कडक बंधन असण्याचें कारण नाहीं; फलकावरचें वेळापत्रक दहा जणांनीं एकदम वाचल्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. म्हणून कुलुपें दोन प्रकारचीं मानतात: वाचणाऱ्यांचें सामाईक, आणि लिहिणाऱ्याचें एकट्याचें.

कुलूप कशास घालावें हाही प्रश्न विचाराचा आहे. एका जागेसाठीं सबंध गाडीची नोंद अडविली तर व्यवस्था सोपी होते, पण बाकीचे सारे प्रवासी खोळंबतात. एकेका जागेस वेगळें कुलूप ठेवलें तर कोणी खोळंबत नाहीं, पण हजारों कुलुपें सांभाळण्याचा भार यंत्रावर पडतो. वाड्याच्या दिंडी दरवाजास एकच कुलूप लावावें कीं प्रत्येक खोलीस वेगळें लावावें, असाच हा वाद आहे. आय. बी. एम. कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील संशोधनशाळेंत जिम ग्रे व त्यांचे सहकारी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार करून लहान व मोठीं कुलुपें एकाच व्यवस्थेंत कशीं नांदवावीं याचे नियम बसवून दिले. ग्रे यांना पुढें १९९८ चें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें.

ही विद्या जन्मली तीही तिकिटांच्याच गरजेंतून, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीनें आय. बी. एम. च्या साहाय्यानें 'सेबर' नांवाची आरक्षणाची व्यवस्था १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत उभी केली. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाच्या असंख्य सुट्या भागांची मोजदाद ठेवण्याच्या निमित्तानें आय. एम. एस. हें नोंदींचें भांडार तयार झालें. १९६९ सालीं सी. आय. सी. एस. ही शेंकडों खिडक्यांना एकाच मोठ्या यंत्राशीं बोलूं देणारी व्यवस्था बाजारांत आली, आणि १९७१ सालीं जर्मनींतील डार्मश्टाट गांवच्या सॉफ्टवेअर ए. जी. कंपनीनें 'अडाबास' हें भांडार पुढें आणलें. या सर्वांचें घर म्हणजे मेनफ्रेम, म्हणजे बँका, विमा कंपन्या व सरकारें ज्यांवर विसंबून राहिलीं तीं मोठीं यंत्रें. मुंबईस १९६८ सालीं स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संस्थेपासून या यंत्रांवरील परदेशी काम महाराष्ट्रांत येऊं लागलें, आणि पुढें मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत मराठवाड्यांतील पुष्कळ मुलामुलींनीं कधीं डोळ्यांनीं न पाहिलेल्या यंत्रांच्या वह्या सांभाळल्या.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळावें. कुलूप काढावें केव्हां? नवशिक्यास वाटतें कीं, नोंद लिहून झाली कीं लगेच काढावें. तें बरोबर नाहीं. समजा, एका बँकेंत बापाच्या खात्यांतून मुलाच्या खात्यांत पांच हजार रुपये वळते करावयाचे आहेत. बापाच्या खात्यांतून रक्कम वजा झाली. नोंद लिहून झाली म्हणून तिचें कुलूप काढलें. इतक्यांत तिसऱ्या कोणी तें खातें वाचून त्या आंकड्यावर आपला हिशेब मांडला. पुढें मुलाचें खातें बंद झालेलें आढळलें व सारा व्यवहार मागें घ्यावा लागला. आतां त्या तिसऱ्यानें वाचलेला आंकडा कोणता? तो कधीं खरा झालाच नाहीं. जी गोष्ट घडली नाहीं तिच्यावर विसंबून दुसरी गोष्ट घडून बसली. म्हणून नियम असा कीं, व्यवहाराच्या आरंभापासून अखेरपर्यंत लागतील तीं कुलुपें घेत जावें, मध्येंच एकही सोडूं नये, आणि व्यवहार पुरा झाला, म्हणजे 'पक्का' म्हणून शिक्का बसला, कीं सर्व एकदम सोडावीं. व्यवहार मोडावा लागला तर जुने आंकडे पूर्ववत् लिहून मग सर्व एकदम सोडावीं. व्यवहाराचा शेवट हाच कुलपाचा शेवट. तो 'पक्का' होऊन होवो कीं 'रद्द' होऊन होवो, शेवट मात्र झालाच पाहिजे.

या नियमाच्या पोटांतच दुसरें संकट आहे. व्यवहार संपेपर्यंत कुलूप ठेवावयाचें, तर व्यवहार लांबूं देतां कामा नये. आणि व्यवहार लांबतो तो बहुधा यंत्रामुळें नव्हे, माणसामुळें. यंत्राचें काम सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत होत असेल असें धरावें. खिडकीपुढील गृहस्थ मात्र 'खालची जागा आहे का? नसेल तर उद्यांचें पाहा. थांबा, घरीं विचारतों' असें म्हणत अर्धा मिनिट घेतो. म्हणजे यंत्राच्या मानानें पंधराशेंपट वेळ गेला. तेवढा वेळ जर नोंद कुलुपांत ठेवली, तर एका माणसाच्या विचाराचा दंड इतर सर्व स्थानकांवरील लोकांनीं भरावयाचा. आणि कारकून चहास उठून गेला तर पाहावयासच नको.

म्हणून अनुभवी लोकांनीं धडा घालून दिला कीं, माणूस विचार करीत असतां कुलूप धरूं नये. सी. आय. सी. एस. वर काम करणारे हें मोठ्या युक्तीनें साधतात. आज्ञावली नोंद वाचते, कारकुनाच्या पडद्यावर मांडते, आणि स्वतः चक्क संपून जाते. तिच्याबरोबर तिचीं कुलुपेंही सुटतात. कारकुनास वाटतें कीं यंत्र आपल्या उत्तराची वाट पाहत बसलें आहे. वस्तुतः तें केव्हांच दुसऱ्याच्या कामास लागलेलें असतें. कारकुनानें कळ दाबली कीं नवें काम जन्मास येतें, मागचा धागा हातांत घेतें, नोंद पुन्हां वाचतें व या वेळीं मात्र कुलूप लावून वाचतें. मग तें पाहतें कीं, मघांशीं दाखविलेली नोंद व आतांची नोंद एकच आहे का. एकच असेल तर बदल लिहितें व लागलीच मोकळी करतें. मध्यंतरीं कोणी ती बदलली असेल, तर नम्रपणें सांगतें कीं, 'माहिती बदलली आहे, पुन्हां पाहावें.' दोन वाचनांमधील ही तुलना जो गाळतो, त्यानें कुलूप लावूनही न लावल्यासारखेंच आहे. १९८१ सालीं कुंग व रॉबिन्सन यांनीं आपल्या निबंधांत या मार्गाचाच विस्तार केला: भांडण क्वचित् होणार असेल तर आधीं अडवूं नये, शेवटीं तपासून घ्यावें.

रेल्वेचें तिकीट फोनवरून काढणाऱ्यांना याचा अनुभव आहेच, फक्त कारण ठाऊक नसतें. पडद्यावर 'जागा उपलब्ध' असें दिसतें. गृहस्थ पैसे भरतो. आणि हातीं येतें तें प्रतीक्षायादीचें तिकीट. त्यास वाटतें कीं आपली फसवणूक झाली. खरें पाहतां पैसे भरण्याच्या त्या दोन-चार मिनिटांत जागा त्याच्यासाठीं अडवून ठेवलेली नव्हती; पैसे पोंचल्यावर नोंद पुन्हां उघडण्यांत आली, तेव्हां ती दुसऱ्यानें घेतलेली होती. म्हणूनच 'निश्चित जागा मिळाल्यासच तिकीट काढावें' असा पर्याय मागणीपत्रावर ठेवलेला असतो. ज्यांना प्रवास टाळणें शक्य आहे त्यांनीं त्यावर खूण करावी, हा या शास्त्राचा घरगुती उपयोग. पैसे भरीत बसलेल्या प्रत्येकासाठीं जागा अडविली असती, तर ज्यांचे पैसे पोंचलेच नाहींत अशांच्या नांवावर सणासुदीच्या दिवशीं अर्धी गाडी पडून राहिली असती. कोणता अन्याय पत्करावा, एवढाच प्रश्न उरतो. आणि येथें रचनाकारांनीं थोड्यांची निराशा पत्करून बहुतांचा खोळंबा टाळला आहे.

आतां आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या हातून होणारा एक नेहमींचा घोटाळा पाहूं. अडाबास भांडाराबरोबर 'नॅचरल' नांवाची भाषा वापरतात. तींत नोंदी एकामागून एक वाचण्याचें चक्र लिहितां येतें. त्या चक्रानें वाचलेली नोंद बदलण्याची आज्ञा पुढें कोठेंही आली, तर यंत्र ती पाहून आधींच ठरवितें कीं, चक्रांत वाचलेली प्रत्येक नोंद धरून ठेवावयाची. समजा, विम्याच्या चाळीस हजार नोंदींपैकीं फक्त तीनशें बदलावयाच्या आहेत. लिहिणारा चक्र लिहितो, आंत 'अमुक असेल तर बदल' अशी अट घालतो, आणि समजतो कीं तीनशेंच नोंदींना हात लागला. प्रत्यक्षांत ज्या नोंदी त्यानें नुसत्या पाहून सोडून दिल्या त्याही त्याच्या नांवावर अडकून पडतात. व्यवहार संपल्याची आज्ञा दिली नाहीं तर धरलेल्या नोंदींचा तक्ता भरत जातो. दुसऱ्या खिडकीवरचा कारकून त्यांतली एखादी नोंद बदलूं पाहतो, तेव्हां एक तर तो ताटकळतो, नाहीं तर त्यास १४५ हा क्रमांक दिसतो. त्याचा अर्थ, 'नोंद धरतां येत नाहीं.' आणि व्यवहारास नेमून दिलेली मुदत संपली तर यंत्र सारें काम उलटें फिरवून ९ हा क्रमांक हातावर ठेवतें. तीनशें बदलांपैकीं एकही शिल्लक राहत नाहीं.

उपाय कठीण नाहीं, पण तो माहीत असला पाहिजे. वाचण्याचें चक्र केवळ वाचण्यासाठींच ठेवावें. तें कांहींच धरीत नाहीं. बदलण्याजोगी नोंद दिसली कीं तिचा अंतर्गत क्रमांक घेऊन तेवढीच एक नोंद वेगळ्या आज्ञेनें पुन्हां मागवावी. ही दुसरी वेळ धरण्याची. धरल्यावर अट पुन्हां तपासावी, कारण पाहणें व धरणें यांच्या मधल्या क्षणांत दुसऱ्याचा हात फिरून गेलेला असूं शकतो. मग बदल लिहावा, आणि पन्नास किंवा शंभर बदल झाले कीं 'व्यवहार संपला' असें सांगून सर्व मोकळ्या कराव्या. प्रत्येक बदलाला व्यवहार संपविला तर यंत्रास शिक्के मारण्याचेंच काम पुरे होतें. शेवटपर्यंत एकदांही संपविला नाहीं तर दुनिया खोळंबते. मधला आंकडा अनुभवानें ठरतो. व्यवहार संपवितांना 'अमुक नोंदीपर्यंत काम झालें' असेंही टिपून ठेवण्याची सोय असते. मध्यरात्रीं वीज गेली तर सकाळीं आरंभापासून सुरुवात करावी लागत नाहीं; खुणेपासून पुढें जातां येतें.

कुलपांच्या राज्यांत आणखी एक विचित्र प्रसंग उद्भवतो. अडकित्ता एकापाशीं व सुपारी दुसऱ्यापाशीं. पहिला म्हणतो, सुपारी मिळाल्याखेरीज अडकित्ता सोडणार नाहीं. दुसरा म्हणतो, अडकित्ता मिळाल्याखेरीज सुपारी सोडणार नाहीं. दोघेही आपापल्या परीनें नियमानें वागत आहेत, आणि पानसुपारी जन्मांत होणार नाहीं. संगणकांत एक आज्ञावली बापाचें खातें धरून मुलाचें मागते व दुसरी मुलाचें धरून बापाचें मागते, तेव्हां नेमकें हेंच होतें. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनीं १९६५ च्या सुमारास या स्थितीस 'प्राणघातक मिठी' अशा अर्थाचें नांव दिलें. १९७१ सालीं कॉफमन व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, असा पेंच पडण्यास चार गोष्टी एकत्र याव्या लागतात: वस्तु एका वेळीं एकासच मिळणारी असावी, हातची न सोडतां दुसरी मागण्याची मुभा असावी, घेतलेली कोणी हिसकावून घेऊं नये, आणि वाट पाहणाऱ्यांचें वर्तुळ पुरें व्हावें. चारांपैकीं एक मोडली कीं पेंच सुटतो. सर्वांत स्वस्त उपाय वर्तुळ मोडण्याचा आहे. सर्वांनीं एकाच क्रमानें कुलुपें मागावीं. उदाहरणार्थ, लहान क्रमांकाचें खातें नेहमीं आधीं. आधीं अडकित्ता, मग सुपारी, असें सर्वांनीं ठरविलें तर भांडण उरत नाहीं. तरीही पेंच पडलाच, तर यंत्र दोघांपैकीं एकास बळी देऊन त्याचा व्यवहार उलटवितें. त्यानें थोडें थांबून पुन्हां प्रयत्न करावा.

अखेरचें संकट सर्वांत गंभीर आहे. कुलूप घेणाराच नाहींसा झाला तर? दूरच्या एका खिडकीवरून व्यवहार सुरू झाला आणि मध्येंच तार तुटली. मोठ्या यंत्रास एवढेंच कळतें कीं, उत्तर येत नाहीं. पलीकडचा माणूस मंद आहे कीं त्याचें यंत्र बंद पडलें आहे, हें ओळखण्याचें साधन त्यापाशीं नसतें. म्हणून मुदत ठेवतात. मुदत टळली कीं, बदलापूर्वींचे आंकडे जे एका वेगळ्या रोजनाम्यांत जपून ठेवलेले असतात त्यांवरून नोंद पूर्ववत् करून कुलूप काढतात. व्यवहार एकाच यंत्रावरचा असेल तर एवढें पुरतें.

परंतु दोन यंत्रांचा मिळून एक व्यवहार असेल, तर त्याचे दोन टप्पे करतात. मुख्य यंत्र आधीं विचारतें, 'तयार आहां काय?' दोघांनींही 'तयार' म्हटलें, कीं मग तें 'पक्कें करा' असें सांगतें. 'तयार' असें कबूल केल्यानंतर व 'पक्कें करा' ऐकू येण्याच्या आधीं जर दुवा तुटला, तर दुय्यम यंत्रास आपल्या मतानें कुलूप काढतां येत नाहीं. पक्कें केलें आणि दुसरीकडे रद्द झालें असेल तर हिशेब बुडाला. रद्द केलें आणि दुसरीकडे पक्कें झालें असेल तरीही बुडाला. दिलेला शब्द पाळून तें नोंद धरून बसतें, आणि तिच्यापुढें रांग वाढत जाते.

अशा वेळीं निर्णय माणसावर येतो. भांडाराची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यापाशीं कुलूप जबरीनें तोडण्याची आज्ञा असते. बाहेर लोक ताटकळलेले असतात, वरिष्ठांचे फोन येत असतात, आणि एक कळ दाबली कीं सर्व मोकळें होईल असा मोह असतो. पण तें कुलूप म्हणजे कोणाच्या तरी अर्धवट व्यवहाराची एकमेव साक्ष असते. पलीकडील यंत्राची स्थिति न विचारतां तें तोडणें म्हणजे, वाडा उघडावयास उशीर होतो म्हणून आंत कोण आहे हें न पाहतां दरवाजा फोडणें होय. शहाणा अधिकारी आधीं पाहतो कीं कुलूप कोणाचें आहे, केव्हांपासून आहे, त्याचा दुसरा भाग कोठें आहे व तेथें काय झालें. मग रोजनाम्याशीं ताळा घालून पक्कें करावयाचें कीं रद्द, हें ठरवितो, काय केलें तें लिहून ठेवतो, आणि नंतरच तोडतो. दहा मिनिटांच्या या चौकशीबद्दल कोणी त्याची पाठ थोपटीत नाहीं. परंतु ती न केल्यास जो घोटाळा होतो तो निस्तरण्यास महिने लागतात, आणि ज्याचे पैसे गेले त्यास आपले पैसे कोठें गेले हें कोणी सांगूं शकत नाहीं.

नाशिक व धुळें जिल्ह्यांतील नद्यांवर फड पद्धतीनें पाणी वांटण्याची जुनी रीत आहे. पाटाचें पाणी एक, शेतकरी अनेक. पाटकरी ज्याच्या शेतांत पाणी सोडील त्याची ती पाळी. पाळी चालू असतां दुसऱ्यानें बारें फोडूं नये. आणि भिजवण झाल्यावर ज्याची पाळी त्यानें पाणी अडवून धरूं नये. या दोन नियमांवर त्या पाटांखालचीं शेतें पिढ्यान् पिढ्या भिजत आलीं. त्यांतला पहिला नियम चोरीविरुद्ध आहे व तो सर्वांना समजतो. दुसरा आळसाविरुद्ध आहे, आणि तो मोडणारास आपण कांहीं वाईट करीत आहोंत असें वाटतही नाहीं; कारण त्यानें कोणाचें कांहीं घेतलेलें नसतें, फक्त परत दिलेलें नसतें.

संगणकाच्या नोंदींचेंही तसेंच आहे. मराठवाड्यांतील जे तरुण या धंद्यांत पडले आहेत, अगर पडूं इच्छितात, त्यांनीं चार गोष्टी लक्षांत ठेवाव्या. नोंद शक्य तितकी उशिरां धरावी. माणसाची वाट पाहत असतां ती धरूं नये. अनेक धरावयाच्या असतील तर सर्वांनीं ठरविलेल्या क्रमानें धराव्या. आणि काम पक्कें होवो वा मोडो, एका क्षणाचाही विलंब न लावतां सर्व मोकळ्या कराव्या. जी नोंद वेळेवर सुटली तिची वार्ता कोणास लागत नाहीं. प्रवासी आपल्या जागेवर निजून जातो, मुलाच्या खात्यांत पैसे जमा होतात, आणि वही एक व लिहिणारे लाखों असूनही हिशेब जुळतो.